खडकातली डबकी आणि पावसातलं रान : वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेरा कुठला घ्यावा?

ओहोटीवेडी

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत राहते. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर फिरायचा नाद लागलाय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांबवर मागे जातं, तेव्हा हाजी अली, जुहू, कार्टर रोडचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खाचांमध्ये जे दिसतं ते पाहून अजून विश्वास बसत नाही की हे आपल्याच शहरात आहे. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी. 'मरीन लाईफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना हे दाखवत आहेत. त्यांच्या फेरीत पहिल्यांदा गेले आणि तेव्हापासून पंचांग बघायची सवय लागली.

आतापर्यंत फोनवर फोटो काढत आले. पण ओल्या हातानं स्क्रीन ऐकत नाही. जवळ गेलं की फोनचीच सावली डबक्यात पडते, आणि वरून काढलेल्या फोटोत आकाशाचं प्रतिबिंबच जास्त येतं. शिवाय खाऱ्या पाण्यात फोन बुडवायचा धीर होत नाही. पावसाळ्यात आंबोलीलाही जाणं असतं, तिथे बेडूक आणि बुरशा यांचे फोटो हवेत. कधीतरी मालवणला स्नॉर्केलिंगही होईल.

बजेट पन्नास हजारांपर्यंत. नेटवर बघितलं तर निकॉन डब्ल्यू-३०० पाण्याखाली ३० मीटरपर्यंत चालतो असं लिहिलंय, पॅनासॉनिक एफटी-७ ला ३१ मीटर आणि ऑलिम्पसच्या टीजी मालिकेला फक्त १५ मीटर. म्हणजे निकॉन, पॅनासॉनिक दुप्पट मजबूत असं समजायचं का? वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यभटक्या

छान धागा. वाचतोय. मलाही पावसाळी ट्रेकसाठी असंच काहीतरी हवंय.

निळीसावली

फोन आयपी ६८ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असेल तर शंभर-दोनशे रुपयांचं पाऊच गळ्यात अडकवा आणि मोकळे व्हा. पन्नास हजार कशाला घालवता?

खारवारा

निळीसावली, इथे असहमत. आयपी ६८ ची चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी त्यात येत नाही. पाणी गेलं तर बहुतेक फोन कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसतही नाही. पाऊचमध्ये फोन चालतो, पण प्लास्टिकच्या आड फोटो मऊ येतो आणि पाण्याखाली टचस्क्रीन काम करत नाही. आवाजाच्या बटणावर फोटो काढता येतो, पण फोकस हवा तिथे लावता येत नाही. ताईंना तर नखाएवढी गोगलगाय टिपायची आहे.

आता ताईंचा मूळ प्रश्न. मी मालवणचा आहे, पाण्यात नेहमी असतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १५ मीटरचा कॅमेरा म्हणजे वरच्या हवेसकट अडीच वातावरणांचा दाब झेलणारा. डायव्हिंगमध्ये नवख्या माणसाला 'डिस्कव्हर स्कूबा'त १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स केलेल्यालाही १८ मीटरची मर्यादा असते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना तुम्ही पृष्ठभागावर तरंगत असता. डबक्यात तर पाणी घोट्याएवढंच. तेव्हा ३१ मीटरचा आकडा तुमच्या कधी उपयोगी पडणार? उद्या डायव्हिंग शिकलात आणि खरंच खोल जायची वेळ आली, तर टीजी-६ साठी पीटी-०५९ नावाचं केसिंग, म्हणजे बाहेरून चढवायचं पाणीबंद कवच, मिळतं, ४५ मीटरपर्यंत चालतं. तेच टीजी-७ लाही बसतं.

दुसरी गोष्ट, हे आकडे शांत पाण्यातले आहेत. होडीवरून कॅमेरा हातात धरून उडी मारली किंवा धबधब्याच्या धारेखाली धरला, तर त्या क्षणी झाकणावर बसणारा मार वेगळाच असतो. पडण्याच्या आकड्याचंही तसंच आहे. दोन-सव्वादोन मीटरवरून पडला तरी टिकतो असं छापलेलं असतं, पण ती चाचणी प्लायवूडवर होते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. आणि जोरात आपटल्यावर तो वॉटरप्रूफ राहीलच याची हमी कुठलीच कंपनी देत नाही.

म्हणून खोलीचा आकडा बाजूला ठेवा. कॅमेरा किती जवळून फोकस करतो, ते बघा.

रानओल

खारवारांशी शंभर टक्के सहमत. मी आंबोली परिसरात पावसाळ्यात रात्री फिरतो. टीजी-६ वापरतो, त्याआधी टीजी-५ होता. त्यावरून लिहितो.

टीजीला मायक्रोस्कोप मोड आहे. त्यात लेन्सच्या काचेपासून अगदी १ सेंटीमीटरवर फोकस होतो, आणि तोही झूम पूर्ण ताणून. बाकीच्या बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये १ सेंटीमीटर मॅक्रो (अगदी जवळून फोटो) लिहिलेलं असतं, पण झूम केलं की हे अंतर वाढत जातं. टीजीत तसं होत नाही, म्हणून गोगलगाय चौकट भरून येते.

जून-जुलैमध्ये आंबोलीत मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करतात. पांढरा, साबणाच्या फेसासारखा गोळा. त्यात अंडी असतात. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खालच्या पाण्यात पडतात. हा फेस मी पावसात, एका हातात विजेरी आणि एका हातात कॅमेरा धरून टिपलाय. लेन्सवर पाण्याचे थेंब, शर्टाच्या बाहीनं पुसायचे आणि पुन्हा क्लिक. माझ्याबरोबरच्या मित्राचा मोठा कॅमेरा तेव्हा छत्रीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्याचे फोटो माझ्यापेक्षा सुंदर येतात हे खरं, पण त्या पावसात त्यानं तो बाहेरच काढला नाही.

प्रकाशाबद्दल थोडं. विषय बोटभर अंतरावर आला की कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर पडते आणि फ्लॅश नीट पोचत नाही. त्यासाठी टीजीला दोन छोटी जोडकामं मिळतात. एलजी-१ नावाची कडी कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड लेन्सभोवती गोल फिरवते. एफडी-१ फ्लॅशचा उजेड पसरवते. पैसे उरले तर आधी एफडी-१ घ्या. एलईडीचा उजेड मंद असतो, हलणारा किडा धूसर येतो. फ्लॅशमध्ये तो थिजतो.

फोकस स्टॅकिंगही आहे. वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले दहापर्यंत फोटो कॅमेरा स्वतःच एकत्र करतो, त्यामुळे बुरशीची छत्री पुढून मागपर्यंत स्पष्ट येते. मात्र विषय हलता कामा नये. दवबिंदू नावाचं छोटं कीटकभक्षी रोप, बुरशी, फेसाचं घरटं यांना उत्तम. बेडकानं गळा फुगवला की खेळ संपला.

एक विनंती, आणि ती मनापासून आहे. आंबोलीचा छोटा टोड, म्हणजे भेक, अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १ सेंटीमीटरवर जायची सोय मिळाली म्हणून त्याच्या नाकाला लेन्स लावू नका. थोडं मागे थांबा, झूम वापरा, दोन-तीन फोटो झाले की पुढे चला. हाताला डास पळवायचं मलम लावलेलं असेल तर बेडकाला हात अजिबात नको, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. आणि पाय जपून टाका. हे जीव रस्त्यावरच बसलेले असतात.

गिरकी

ॲक्शन कॅमेऱ्याचं कुणी नावच घेत नाही! गोप्रो बिनकेसिंगचा १० मीटर चालतो, डीजेआयचा ॲक्शन ४ तर १८ मीटर. व्हिडिओ दगडासारखा स्थिर येतो. मी कयाक आणि सायकल दोन्हीसाठी वापरतो.

रानओल

गिरकी, कयाकसाठी तोच योग्य. पण त्याची लेन्स रुंद असते, झूम नसतो आणि अगदी जवळचं स्पष्ट येत नाही. त्यात बेडूक म्हणजे पानावरचा एक ठिपका. माणूस, होडी, लाट हे विषय असतील तर ॲक्शन कॅमेरा. जीवजंतू असतील तर नाही.

दूरदेशी

ऑकलंडहून लिहितेय. इथल्या किनाऱ्यांवर मीही हेच करते, आणि ओहोटीच्या वेळापत्रकावर सुट्टीचा दिवस ठरतो, त्यामुळे धागा वाचून फार आनंद झाला.

बाजाराची स्थिती सांगते, कारण त्यावरच अर्धा निर्णय होईल. या प्रकारचे कॅमेरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. निकॉन डब्ल्यू-३०० हा २०१७ चा, पॅनासॉनिक एफटी-७ हा २०१८ चा, फुजीचा एक्सपी-१४० हा २०१९ चा. तिन्हींचं उत्पादन थांबलंय. आता जे दिसतात ते जुने किंवा गोदामात पडून राहिलेले. ऑलिम्पसनं कॅमेऱ्याचा धंदा १ जानेवारी २०२१ ला ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे दिला. त्यांनी २०२३ मध्ये टीजी-७ आणला, अमेरिकेत तेव्हा किंमत साधारण ५५० डॉलर होती. रिको-पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका आहे. डब्ल्यूजी-६ मध्ये २० मीटर खोली आणि लेन्सभोवती सहा एलईडी आहेत, ती रचना खरंच उपयोगाची. कोडॅकचा डब्ल्यूपीझेड-२ स्वस्त आहे आणि १५ मीटर चालतो, पण तो मुलांच्या पोहण्याच्या वर्गासाठी किंवा वॉटर पार्कसाठी. मॅक्रोसाठी नाही.

टीजी-६ आणि टीजी-७ मध्ये फोटोच्या दृष्टीनं मोठा फरक नाही. दोन्हीत १२ मेगापिक्सेल, सारखाच छोटा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती), २५ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचा म्हणजे चौपट झूम, आणि लेन्स एफ २.० पासून, म्हणजे बराच उजेड आत घेणारी. टीजी-७ ला यूएसबी-सी आलंय आणि उभा व्हिडिओ काढता येतो. टीजी-६ नवा, सीलबंद आणि बिलासकट स्वस्तात मिळाला तर बिनधास्त घ्या. मेगापिक्सेल कमी म्हणून नाराज होऊ नका. टीजी-४ चे १६ होते, ते त्यांनी पुढे मुद्दाम १२ केले. एवढ्याशा सेन्सरवर कमी पिक्सेल असले की अंधारात फोटो कमी फुटतो.

वापरलेला घ्यायचा मोह होईल. माझा सल्ला स्पष्ट आहे: पाण्यात न्यायचा असेल तर वापरलेला घेऊ नका. बाहेरून चकचकीत असला तरी आतलं रबर किती जुनं झालंय, तो कुठे आपटला होता का, हे दिसत नाही. भारतात घेताना पैसे द्यायच्या आधी विचारा की दुरुस्ती कुठल्या शहरात होते, सील बदलून मिळतं का, बिलावर वॉरंटी कुणाची आहे. दुकानदार गोलगोल बोलला तर दुसरं दुकान बघा.

काचबिंब

मी जरा विरुद्ध बाजूनं बोलते. सगळे कौतुक करताय, पण ताईंनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. या सगळ्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो. डोंगर, सूर्यास्त, घरातले समारंभ, रात्रीचं शहर यांत पन्नास हजारांचा टीजी फोनपुढे हरतो. पाणी आत जाऊ नये म्हणून लेन्स बाहेर येत नाही, झूम सगळा आतल्या आत सरकतो. एवढ्या जागेत मोठा सेन्सर आणि मोठी लेन्स बसवता येत नाही, असा तो हिशोब आहे. हा कॅमेरा पाणी, चिखल आणि अगदी जवळचं यासाठीच घ्या. घरातला मुख्य कॅमेरा म्हणून घेतलात तर पश्चात्ताप होईल.

बजेट वाढवता आलं तर पावसाच्या शिंतोड्यांना टिकणारा ओएम-५ (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. आंबोलीचे फोटो वेगळ्याच पातळीवर जातील. पण तो पाण्यात बुडवता येत नाही, हे आलंच.

ओहोटीवेडी

काचबिंब, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवंच होतं. बाकीच्या फोटोंना फोन आहे. मला डबक्याच्या आतून फोटो हवेत, म्हणजे कॅमेरा पाण्यातच जायला हवा. ओएम-५ आपोआप बाद.

आता भीती आहे ती खाऱ्या पाण्याची. माझ्या ओळखीतल्या एकांच्या कॅमेऱ्यात पहिल्याच महिन्यात पाणी गेलं, आणि दुरुस्तीवाल्यांनी 'पाण्याचं नुकसान वॉरंटीत नाही' म्हणून परत पाठवला. वॉटरप्रूफ म्हणून विकलेला कॅमेरा! हे टाळायला काय करता तुम्ही?

खारवारा

ताई, बहुतेक वेळा पाणी शिरतं ते झाकणातून. झाकणाच्या आत रबराची पट्टी असते. तिच्यावर वाळूचा एक कण, एक केस किंवा रुमालाचा धागा अडकला की तिथे बारीक वाट तयार होते. वर दाब आला की पाणी तिथूनच जातं.

आमच्याकडची पद्धत सांगतो. बॅटरी आणि कार्ड घरूनच भरून निघायचं. किनाऱ्यावर, होडीत, वाऱ्यात झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. घरी उजेडात पट्टीवर बोट फिरवून बघायचं, पट्टी आणि तिच्यासमोरची कड दोन्ही मऊ कोरड्या कापडानं पुसायची. मग बंद करायचं, कुलपाची खिट्टी पूर्ण सरकली का बघायचं, आणि खिट्टीचा रंगीत भाग दिसत असेल तर पुन्हा उघडून पहिल्यापासून.

समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा. बुडवलेला असतानाच सगळी बटणं दाबा, झूमची पट्टी हलवा. बटणांच्या फटीत बसलेलं मीठ असंच निघतं, ते तिथे वाळलं तर बटण घट्ट होतं आणि खालचं रबर कापतं. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. मग पुसून सावलीत वाळू द्या, उन्हात नाही. पूर्ण कोरडा झाल्यावर आणि हातही कोरडे असतील तेव्हाच झाकण उघडा.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पट्टीला तेल, व्हॅसलिन, काही लावू नका. ग्रीस लागतं ते वेगळ्या केसिंगच्या रिंगला, आणि तेही कंपनीनं दिलेलं सिलिकॉनचंच. ही पट्टी वर्षाला बदलून घ्या असं कंपन्याच सांगतात. तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

वॉरंटीचं म्हणाल तर घेतानाच लेखी विचारा. तुमच्या ओळखीतल्यांना जे उत्तर मिळालं ते अन्यायाचंच आहे, पण बिलामागची बारीक अक्षरं तशीच असतात.

रानओल

आणखी दोन गोष्टी. टीजीला दोन झाकणं आहेत, एक बॅटरी-कार्डचं आणि एक केबलचं. बाहेरचा चार्जर घेतला की केबलचं झाकण उघडायची वेळच येत नाही. एक धोका कायमचा कमी.

आणि टीजी-५, टीजी-६ च्या डोक्यावर लॉगचं छोटं बटण असतं. ते चालू राहिलं तर कॅमेरा बंद असतानाही जीपीएस नोंद करत राहतो आणि बॅटरी संपते. सॅकमध्ये घासून ते सरकतं. सॅकमधून काढताना एकदा बघत जा.

सह्यभटक्या

लेन्सवर आतून धुकं बसतं त्याचं काय? पावसाळ्यात राजमाचीला माझ्या जुन्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याची काच आतून पांढरी झाली होती. पाणी गेलं नव्हतं.

दूरदेशी

ते आतल्या हवेतलं बाष्प. दमट हवेत झाकण उघडलं की ती हवा आत कोंडली जाते, मग थंड पाण्यात किंवा गार वाऱ्यात काच थंड झाली की तिच्यावर दव धरतं. उपाय एकच, झाकण कोरड्या हवेत बंद करायचं. वातानुकूलित खोलीत बॅटरी घालून बंद केलात तर फरक लगेच दिसतो. टीजी-५ पासून लेन्सपुढची काच दुहेरी केली आहे, त्यामुळे त्रास बराच कमी झालाय. घरी ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा वापरा. आणि उन्हात तापलेल्या गाडीतून काढून थेट गार पाण्यात घालू नका.

गिरकी

दोरी कुठली लावता? माझा ॲक्शन कॅमेरा एकदा कयाकवरून गेला तो गेलाच.

खारवारा

फेसाची तरंगणारी पट्टी. मनगटाला लावायची, नारिंगी रंगाची घ्यायची. हे कॅमेरे सगळे पाण्यात बुडतात, एकही स्वतः तरंगत नाही. पट्टी घेताना तिच्यावर किती ग्रॅम वजन पेलतं ते बघा. टीजी पाव किलोचा आहे, फोनसाठी केलेल्या हलक्या पट्ट्या त्याला घेऊन खाली जातात. घरी बादलीत टाकून बघूनच समुद्रात न्या.

स्नॉर्केलिंगसाठी डिसेंबर-जानेवारीत या. पावसाळ्यात इथे पाण्यातले खेळ बंदच असतात आणि नंतरही काही आठवडे पाणी गढूळ राहतं. पाण्याखाली फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर तरंगणारे कण पांढरे ठिपके होऊन चमकतात. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, म्हणून कॅमेऱ्यातला पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंग सुधारायची सोय) लावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढलंत तर घरी रंग परत आणणं सोपं जातं, टीजीमध्ये टीजी-४ पासून ती सोय आहे.

ओहोटीवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. टीजी-६ नवा, बिलासकट मिळतोय का ते या आठवड्यात दुकानात जाऊन बघते, नाहीतर टीजी-७ साठी थोडं थांबेन. सोबत बाहेरचा चार्जर, जादा बॅटरी आणि नारिंगी पट्टी. एफडी-१ पावसाळ्याच्या आधी.

एक शेवटचं विचारते. डबक्यात कॅमेरा घालताना तळाची वाळू उडते आणि सगळं गढूळ होतं. रानओल, खारवारा, तुम्ही कसं करता?

रानओल

डबक्याच्या ज्या बाजूला आपली सावली पडत नाही तिथे बसा. कॅमेरा वरून सरळ न टाकता कडेच्या खडकाला टेकवून हळूहळू आत सरकवा. तळाला लावू नका. आत गेला की मिनिटभर हात स्थिर ठेवा, पाणी निवळतं आणि लपलेला खेकडाही बाहेर येतो. आधी मायक्रोस्कोप मोड लावून, झूम करूनच आत घाला, पाण्यात बटणं शोधत बसलात की वाळू उडणारच. गुडघ्याखाली जाड कापड ठेवा, कालवांच्या धारा पँटही कापतात.

खारवारा

आणि पाठ समुद्राकडे करून बसू नका. फोटोच्या नादात भरती कधी सुरू झाली ते कळत नाही. ओहोटीच्या तळवेळेच्या तासभर आधी उतरा, आणि पाणी परतू लागलं की विषय कितीही चांगला असो, उठा.